पाचवीचा निकाल

३ मे

आले एकदाची. जसोंडी बुऱ्हाणपूरहून काही लांब नाही, पण भाईदासच्या मोटारसायकलवर मागे बसून यायचं म्हणजे कंबर गावातच ठेवून यावी लागते. भाईदास माझा मुलगा. केळीची बाग बघतो आणि खड्डा चुकवायला गेला की हटकून दुसऱ्या खड्ड्यात घालतो. मी सांगितलं, बाबा, मला पोचव, तापीत सोडू नको.

जावयाचं घर सिंधीपुऱ्यात, वरच्या मजल्यावर. खाली कापडाचे माग चालतात, दिवसभर खटाखट. जावई म्हणाले, मामी, दोन दिवसांत सवय होऊन जाईल. मी म्हटलं, तुमच्या सासऱ्यांच्या घोरण्यात जन्म काढला, हे माग बिचारे निदान दुपारी जेवायला तरी थांबतात. जावई हसले. किती दिवसांनी हसले असतील कोण जाणे, गाल दुखल्यासारखे हसले.

जावयाचं नाव नंदकुमार. मी तोंडानं नाव घेत नाही, लिहायला काय हरकत. नात तापी. कागदावर ताप्ती, घरात तापी. तिसरीतून चौथीत गेली. मला बघून जिन्यावरूनच ओरडली, मोठीमाय आ गई! अर्धं हिंदी, अर्धं मराठी, या गावच्या पोरांना एका भाषेत वाक्य पुरं करायची जणू बंदी आहे. येताना मावा जिलेबी आणली होती. पोरीनं पाकाचे हात माझ्या लुगड्याला पुसले. छान स्वागत झालं.

ही वही तिचीच. शाळेनं सुट्टीत रोज एक पान लिहायला सांगितलंय. म्हणे, मोठीमाय, तूही लिही, मला एकटीला कंटाळा येतो. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर म्हणजे कोंबडीनं शेणात पाय ठेवून चालल्यासारखं. पण पोरीला सोबत म्हणून लिहीन.

लीला, माझी मुलगी, मागच्या पोळ्याला गेली. कावीळ. तिच्यासाठीच आता इथे राहायचं आहे, पोरीला सांभाळायला. रडणं वगैरे या वहीत येणार नाही. ते काम मी तेव्हाच उरकलं.

५ मे

स्वयंपाकघर लावून घेतलं. डबे सगळे लीलानं लावलेले, एकावर मोहरी लिहिलंय आणि आत साखर. लहानपणापासूनची अशीच. मी तसेच राहू दिले.

जावई घरीच काम करतात. एका खोलीत कॉम्प्युटर, त्यापुढे सकाळपासून. मी विचारलं, दिवसभर टिकटिक करून तुम्ही पिकवता तरी काय. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं आणि समजावलं. इंदूरची एक कंपनी आहे, ती खेड्यातल्या पोरांना फोनवर शिकवते. मराठीचे पहिली ते पाचवीचे धडे लीलानं म्हटलेले, याच खोलीत. भिंतींना गोधड्या बांधायची आणि माग थांबले की बोलायला बसायची. जावयांचं काम ते धडे कॉम्प्युटरात रचून ठेवायचं. आता त्या कंपनीचा हिंदीचा कोर्स आणि मराठीचा कोर्स एक होतो आहे. एकत्रीकरण. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा एकच शब्द त्यांच्या तोंडात. फोनवर एकत्रीकरण, जेवताना एकत्रीकरण.

हजारभर तुकडे आहेत म्हणे. एकेक उघडून बदलायला गेलं तर तापीचं लग्न होईल. म्हणून प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधलेली असते. एका चिठ्ठीचे सगळे एकदम गोळा करायचे, हवं तर नाव बदलायचं, हवं तर हलवायचं, नाहीतर काढून टाकायचं. एका फटक्यात. बल्क म्हणतात त्याला.

मला कळलं. केळीचा व्यापारी येतो, बागेत फिरतो आणि घडांना चुन्याचं बोट लावून जातो. दुसऱ्या दिवशी कापणारे येतात, ते घड बघत नाहीत, बोट बघतात. जावई म्हणाले, बस, मामी, बिलकुल हेच.

८ मे

आज एक गोष्ट मागितली, मिळाली नाही.

लीला धडे शिकवायची ते पुस्तकात असतील तसेच. ती कंपनीची शिस्त. पण प्रत्येक इयत्तेच्या शेवटी तिनं एक भाग ठेवला होता, त्याचं नाव निकाल. पोरांची परीक्षा झाली की ही निकाल सांगायची, आणि मग जे पास झाले त्यांना आणि जे नापास झाले त्यांनाही एक गोष्ट. पुस्तकातली नाही, घरातली. ती मला भाईदासच्या फोनवर पाठवायची. बागेत बांधावर बसून ऐकायचे मी. पहिलीच्या निकालात तापी ओट्यावरून पडली आणि हनुवटीला टाके पडले ते. दुसरीत हिच्या लग्नात मांडवात म्हैस घुसली ते. तिसरीत तापीचा जन्म, तापी नदीला पूर आलेला, दवाखान्यात जायला रस्ता नाही, म्हणून पोरीचं नाव तापी. चौथीत भाईदासची फजिती, बहिणीला सायकल शिकवायला गेला आणि स्वतःच विहिरीत. हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. मग भाईदासचा फोनही एकदा विहिरीत पडला. त्या माणसाचं आणि विहिरीचं काय आहे कोण जाणे. ते चारही निकाल त्याबरोबर गेले.

पाचवीचा मी ऐकलेलाच नाही. तो तिनं दवाखान्यात जायच्या आठवड्यात केला. फोनवर म्हणाली होती, माय, पाचवीच्यात तू आहेस. मी म्हटलं, काय बोललीस माझ्याबद्दल? म्हणे, आता सांगत नाही, ऐकशील तेव्हा शिव्या देशील.

शिव्या द्यायच्या राहिल्या आहेत. तेवढंच माझं मागणं. जावयांना म्हटलं, मला तो पाचवीचा ऐकवा.

त्यांनी कॉम्प्युटरवरून हात काढून घेतला. मग म्हणाले, ऐकवतो, मामी, आज नको. परवा चुकून एक तुकडा वाजला तेव्हा मी पाहिलं होतं. लीलाचा नुसता श्वास ऐकू आला, बोलण्याआधी घेतात तसा, आणि यांनी हात भाजल्यासारखं बंद केलं. आठ महिने झाले, हा माणूस रोज तिचे धडे रचतो आणि एकही ऐकत नाही. कानात कापूस घालून संसार करावा तसं.

मी जास्त ताणलं नाही. लेक माझी खरी, पण बायको त्यांची होती.

१३ मे

जावई आज हलके दिसले. एकत्रीकरणाचं मोठं काम हातावेगळं झालं म्हणाले. जे जादा तुकडे काढायचे होते ते सगळे एकदम टिक केले आणि कॉम्प्युटरला हुकूम देऊन टाकला. आता ते आपलं आपण करत राहील, एका वेळी एक इयत्ता, माल मोठा आणि लाइन हळू, आठवडा जाईल.

मग म्हणाले, कोणते काढायचे याची मला फिकीरच पडली होती, मामी. पण लीलानंच चिठ्ठी बांधून ठेवली होती. तिचंच ऐकलं.

मला बरं वाटलं. जाताना माणूस काही आवरून गेलं तर मागच्यांना सोपं होतं. संध्याकाळी कळण्याची भाकर आणि ठेचा केला. तिघं पोटभर जेवलो.

१४ मे

तापीला न्हाऊ घातलं. तोंड पुसताना हनुवटीवर हात फिरला आणि थांबला. टाक्याची खूण नाही. तीन पांढऱ्या रेघा होत्या, मुंगीच्या पायांसारख्या. मी परवाच त्यांना तेल लावलं होतं.

ओल्या फडक्यानं पुन्हा पुसलं. पोरगी ओरडली, क्या कर रही हो मोठीमाय, चमडी निघेल. मी विचारलं, ओट्यावरून पडली होतीस ती खूण कुठे गेली? म्हणे, मी कब पडली? कधीच नाही पडली. खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना तिचे कान हलतात.

जावयांना विचारलं. त्यांनी पोरीचं तोंड उजेडाकडे धरलं आणि माझ्याकडे बघितलं, डॉक्टर बघतो तसं. म्हणाले, मामी, डोळे दाखवायचे का एकदा?

माझे डोळे सुईत दोरा ओवतात.

१६ मे

सकाळी झाडू मारताना दिसलं. बैठकीत लीलाचा फोटो होता, लग्नातला, तिचा एकटीचा कापून मोठा केलेला. हार घातलेला. आज खिळा आहे, खिळ्याला हार आहे, मधे भिंत.

मी पोरीवर डाफरले, तिनं काढला असेल म्हणून. तिनं विचारलं, कुठला फोटो? तेवढ्यात जावई आले, हाराकडे बघत उभे राहिले. म्हणे, हा हार कोणी टांगला? मी म्हटलं, तुम्ही. तुमच्या बायकोला. लग्नात मांडवात म्हैस घुसली होती, आठवतं? ते आठवू लागले. कपाळाला आठी घालून, परीक्षेत उत्तर न येणाऱ्या पोरासारखे. म्हणाले, लीलाचं आणि माझं लग्न… मग म्हणाले, कोर्टात केलं होतं ना आम्ही?

पाचशे माणसांच्या पंक्तीला मी स्वतः वाढलं होतं. हाताला पुरणाच्या मांड्यांचे चटके बसले होते.

पहिलीच्या निकालात पोरीचं पडणं. दुसरीच्या निकालात लग्न.

मला हा विचार करायचा नव्हता. झाला.

१७ मे

जावयांना म्हटलं, काय काढताय ते मला दाखवा. त्यांनी दाखवलं. मी बोट ठेवून वाचलं, एकेक अक्षर. मराठी पाचवी, चिठ्ठी: नि का ल. मराठी चौथी: निकाल. मराठी तिसरी: निकाल. पहिली आणि दुसरीची अक्षरं फिकी पडलेली, त्यावर रेघ.

मी म्हटलं, अहो, हे तिचे निकाल आहेत. पोरांच्या परीक्षेचे. हे का काढताय?

ते म्हणाले, असं कसं, मामी, तिनं स्वतः लिहिलंय ना, निकाल. म्हणजे निकाल दो. काढून टाका.

जावई बुऱ्हाणपुरात वाढले, हिंदी शाळेत शिकले. घरात मराठी बोलतात पण वाचायला घेतलं की डोकं हिंदीत वाचतं. यांच्या शाळेत परीक्षेचा रिझल्ट लागतो. निकाल लागतो तो आमच्या जसोंडीच्या मराठी शाळेत. लीला त्या शाळेतली.

मी सांगितलं. त्यांना कळलं ते मला दिसलं. एकही न उघडता टिक केले होते त्यांनी, आवाज ऐकावा लागू नये म्हणून. बायकोचा शेवटचा हुकूम समजून पाळला. टेबलावर डोकं ठेवून रडले, पाठ हलत होती. मी पाठीवर हात ठेवला. जावयाला हात लावत नाहीत, पण ठेवला.

इंदूरला फोन लावला. अर्ध्यावर थांबवणं तिथूनच होतं, आणि तिथे आज सुट्टी. सोमवारी पहिलं काम हेच, मामी, म्हणाले. मी म्हटलं, विसरू नका. म्हणाले, हे कसं विसरेन.

१८ मे

तिसरीचा गेला.

पोरीची वेणी घालत होते. म्हटलं, तुझ्या आईचेही केस असेच, फणी तोडणारे. तिनं विचारलं, किसकी आई? मी म्हटलं, तुझी. ती हसायला लागली. म्हणे, मला कुठे आई होती, मोठीमाय? मेरी तो नहीं थी.

नव्हतीच. गेली असं नाही म्हणाली. नव्हतीच.

मी जावयांकडे गेले. विचारलं, ही पोरगी कुणाच्या पोटची? ते हसत उत्तर द्यायला लागले आणि थांबले. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसे. मग म्हणाले, असलं काय विचारता, मावशी.

मावशी. कालपर्यंत मामी होते.

मी म्हटलं, उद्या सोमवार, इंदूरला फोन करायचा आहे. म्हणे, कशासाठी?

१९ मे

सकाळीच त्यांच्या दारात बसले. फोन करा, थांबवा म्हणा. ते चांगले माणूस आहेत, रागावले नाहीत. म्हणाले, मावशी, जे निकाल लिहिलेले आहेत ते तर काढायचेच आहेत. तेच तर लिहिलंय.

मी सगळं पुन्हा सांगितलं. शाळा, परीक्षा, लीला. ते ऐकत होते, मान हलवत होते. शेवटी विचारलं, ही लीला तुमच्या नात्यातली का?

मी कॉम्प्युटरची तार ओढून काढली. भिंतीतून चुना निघाला. पडदा काळा झाला. ते उठले, शांतपणे तार पुन्हा लावली. म्हणाले, ते इथे नसतं, मावशी. इथे नुसतं दिसतं.

मग कुठे असतं ते विचारलं. ते पुन्हा टिकटिक करायला लागले.

दुपारभर तापीला मांडीवर घेऊन लीला सांगत बसले. लीला चिंचा खायची. लीला भावाला मारायची. लीलाला गणित येत नव्हतं आणि ती शिकवणारी बाई झाली. पोरगी मन लावून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, मग त्या लीलाचं पुढे काय झालं? एखाद्या राणीचं विचारावं तसं.

मी म्हटलं, तिला मुलगी झाली. ती म्हणाली, अच्छा, और फिर?

२० मे

भाईदासला फोन केला. खालच्या मागवाल्याच्या फोनवरून.

त्याला म्हटलं, तू ये, तुझी बहीण— तो म्हणाला, कोणती बहीण, माय? मी एकटाच तर आहे तुला.

सायकल, म्हटलं. विहीर. म्हणाला, हो पडलो होतो मी विहिरीत, एकटाच. मग चिडला. लोक विचारतात, तुझी म्हातारी शहरात परक्याच्या घरी भाकऱ्या थापायला का गेली, मी काय सांगू त्यांना. सामान बांध, घ्यायला येतो.

चौथीचा गेला.

मी सामान बांधणार नाही. गावात गेले तर तिथे तिचं काहीच नाही. इथे निदान डब्यात साखर—

डबे बघितले. मोहरीच्या डब्यात मोहरी आहे.

२१ मे

आता एकच राहिला. माझा.

मी भ्याले आहे. लिहून ठेवते. नवरा गेला तेव्हा नाही भ्याले, लीलाला खाली घेतलं तेव्हा नाही. मेलेलं माणूस मेलेलं तरी असतं. पोळ्याला त्याच्या नावानं पान वाढता येतं.

सकाळपासून स्वतःशी घोकते आहे. नाव लीला. पाय पुढे करून जन्मली, सुईण घाबरली होती. डावखुरी. हसताना तोंडावर हात. काविळीत नखं पिवळी. शेवटी पाणी मागितलं आणि मी दिलं आणि ते ओठाच्या कोपऱ्यातून

तिच्या लग्नातल्या शालूचा रंग. आत्ता माहीत होता. हिरवा? लाल? मी घेतला होता, शहरात येऊन, मीच घेतला होता—

जावई म्हणाले, बाई, तुमची तब्येत ठीक आहे ना?

मावशीही गेली. बाई.

२२ मे, दुपार

माग थांबलेत. हात जोडले त्यांना. पायाही पडले असते. म्हटलं, साहेब, त्या पाचवीच्या तुकड्यात एक बाई बोलते, तो मला एकदा ऐकू द्या, मग काय काढायचं ते काढा.

साहेब म्हटलं मी जावयाला.

त्यांना दया आली. त्यांना आता त्या आवाजाचं काही नाही. खुर्ची दिली. स्वतः वाजवून दिला आणि चहा ठेवायला गेले. बायकोचा आवाज खोलीभर आणि हा माणूस आत साखर शोधतो आहे.

ऐकलं. ऐकता ऐकता लिहिते आहे. हात पोचत नाही.

आधी श्वास. मग, मुलांनो, पाचवीचा निकाल लागला. मग,

माझी माय फार तोंडाळ आहे. चौथीत मी नापास झाले. सगळ्या गावात मी एकटीच. घरी जायची हिंमत होईना म्हणून केळीच्या बागेत लपले. मायनं शोधून काढलं. मला वाटलं आता ही माझा निकाल लावते. पण तिनं ओच्यातून मावा जिलेबी काढली. शहरातून आणवलेली, पाक गळून लुगडं चिकट झालेलं. म्हणाली, पास झालेल्यांना सगळे देतात, तुला कोण देणार, खा मुकाट्यानं. आणि मी खात होते तेव्हा ती दुसरीकडे बघत होती. मी तिला कधी सांगितलं नाही की मी बघितलं. माय रडत होती. माय, तू ऐकत असशील तर

हे खरं नाही. मी रडत नव्हते. डोळ्यात केळीचा चीक गेला होता. लबाड कुठली, भवाने, मेल्यावर मला पोरांसमोर— किती खोटं बोलतेस गं, ये तू, ये समोर, मग सांगते तुला, अगं ये ना

तू ऐकत असशील तर— पुढे म्हणते, माय, तू ऐकत असशील तर मी

थांबला. पडद्यावर चकती फिरते आहे. गोल गोल. अक्षरं फिकी

आत जाऊन त्यांना बोलावलं. म्हणाले, झालं की ते, आत्ताच गेला शेवटचा. एकत्रीकरण पूर्ण.

मी, काय मी? तू ऐकत असशील तर मी काय? काय म्हणणार होती?

काय म्हणणार होती

कोण

ली

२३ मे

आज बरं वाटतंय. रात्री गाढ झोप लागली. बरेच दिवसांनी छाती हलकी आहे, दगड उतरवून ठेवल्यासारखी.

घर चांगलं आहे. साहेब एकटेच आहेत, सज्जन, आवाज चढवून बोलत नाहीत. त्यांची एक पोरगी आहे, तापी. गोड आहे पण एका भाषेत वाक्य पुरं करत नाही. मला मोठीमाय म्हणते, का ते कळलं नाही, मी म्हटलं म्हण.

खाटेवर ही वही सापडली. मागची पानं वाचली. कोणा म्हातारीची मुलगी गेलेली दिसते. अक्षर माझ्यासारखंच भिकार. बरंच खोडलेलं, शेवटी शेवटी तर काही लागत नाही. वाईट वाटलं. अशा बाईजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. पुढची पानं कोरी आहेत, वाया कशाला घालवा, म्हणून लिहिते.

भाईदास उद्या न्यायला येतो म्हणाला. जाईन. माझं इथे कोण आहे.

आत्ता तापी खिडकीत बसून कच्चा आंबा खाते आहे. आंबट लागला की एकच डोळा मिटते, डावा, आणि मान खांद्यावर टाकते, आणि मग वेडीसारखी हसते. मी बघते आहे. मला हे— हा एक डोळा मिटणं मी कुठेतरी— माझ्या मांडीवर कुणीतरी असंच, इतकंच, आंबा घेऊन, डावा डोळा, माझ्याकडे बघून— कोण गं? कोण होतीस तू, बाई, कोणाची